प्रोकॅल्सिटोनिन किती, हा पहिला प्रश्न नव्हे

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला फोन वाजला. दांडिया बझारातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा होता. "ताई, बाबांना संध्याकाळपासून थंडी वाजून ताप आलाय. आमचे डॉक्टर म्हणाले, प्रोकॅल्सिटोनिन करून घ्या, इन्फेक्शन रक्तात गेलंय का ते कळेल. दोन हजारांच्या आसपास खर्च आहे. लॅबचा माणूस सकाळी सातला घरी येऊन रक्त नेईल. तोवर थांबलं तर चालेल ना?"

बडोद्यातल्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काम केलं. त्यामुळे ओळखीतली माणसं रिपोर्ट घेऊन येतात, नाहीतर असा फोन करतात. त्या रात्री मी टेस्टबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, "आधी बाबांच्या छातीकडे बघ आणि घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोज." अठ्ठावीस भरले. लघवी कधी झाली? दुपारनंतर नाही. तुला ओळखतात का? "ओळखतात, पण मधेच भलतंच काहीतरी बोलतात." मग मी म्हटलं, "सकाळची वाट बघू नकोस. १०८ ला फोन कर आणि आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत ने. टेस्टचं काय ते तिथे बघतील."

त्यांच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी संध्याकाळच्या फोनवरून सांगितलं असेल, तेव्हा ताप नुकता चढत असेल. पण घरातला म्हातारा माणूस मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेत असताना शिकलीसवरलेली माणसं सकाळी सातच्या लॅबवाल्याची वाट बघायला तयार होतात, हे बघून माझ्या पोटात खड्डा पडतो. आजार किती गंभीर आहे हे रक्तच सांगणार, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती बसवण्यात आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांचाही हात आहे.

माझं म्हणणं असं आहे. इमर्जन्सीत गंभीर जंतुसंसर्गाचा संशय असेल, तर अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे रक्तातल्या एखाद्या मार्करवर, म्हणजे आजाराची खूण म्हणून मोजल्या जाणाऱ्या एखाद्या पदार्थावर, सोडू नये. ते रोग्याकडे बघून ठरवावं. मार्करची खरी जागा पुढे आहे, अँटिबायोटिक थांबवण्याच्या वेळी. आणि सरकारी दवाखान्यांत नव्या तपासण्यांवर पैसा खर्च व्हायचाच असेल, तर तो आधी लॅक्टेटवर (शरीर किती ताणाखाली आहे हे सांगणारी तपासणी), ब्लड कल्चरवर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि रिपोर्ट योग्य माणसाच्या हातात वेळेत पडण्यावर व्हावा.

प्रोकॅल्सिटोनिन ही वाईट तपासणी नाही, हे आधी स्पष्ट सांगते. कॅल्सिटोनिन नावाचं एक हार्मोन आपली थायरॉइड ग्रंथी बनवते, प्रोकॅल्सिटोनिन हे त्याचं आधीचं रूप. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. बॅक्टेरियांचा मोठा संसर्ग झाला की मात्र थायरॉइडच नव्हे, शरीरातले कितीतरी अवयव ते बनवू लागतात. १९९३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी आजारी मुलांमध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. संसर्ग सुरू झाल्यापासून दोन ते चार तासांत ते चढू लागतं, दिवसभरात शिखर गाठतं, आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण रोज निम्मं निम्मं होत उतरतं. त्याच्या आधीपासून आपल्या ओळखीचा सीआरपी, शरीरात दाह झाला की वाढणारा मार्कर, १९३० साली न्यूयॉर्कला रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. तो यकृतातून येतो, उशिरा चढतो, आणि संधिवातापासून ऑपरेशनपर्यंत कशानेही वाढतो. दोघांत प्रोकॅल्सिटोनिन नक्कीच जास्त नेमकं आहे.

पण नेमकं म्हणजे किती? छातीत दुखणाऱ्या माणसासाठी ट्रोपोनिन आहे, तशी संसर्गासाठीही एखादी तपासणी असावी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. मात्र ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूतून येतं, म्हणून ते वाढलं की दुखापत कुठे झाली हे कळतं. सेप्सिसला असा एकच पत्ता नाही. २०१६ साली सेप्सिसची जी नवी व्याख्या झाली, तिचा अर्थ साध्या शब्दांत असा की संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर बिघडतं आणि त्यात शरीराचेच अवयव निकामी होऊ लागतात. कुणाचं मूत्रपिंड आधी थकतं, कुणाचं डोकं, कुणाची फुप्फुसं. हे कुठल्या एका रेणूत कसं मावणार? २०१० साली दोन संशोधकांनी सेप्सिससाठी अभ्यासलेल्या मार्करची मोजदाद केली, ते १७८ निघाले. दहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा २५८ झाले होते. एकाने काम भागलं असतं, तर यादी अशी वाढत गेली नसती.

आणि हा आजार लहान नाही. २०१७ या एका वर्षात जगभर सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रोगी झाले आणि १ कोटी १० लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव केला. पण आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला असतो, किडनी फेल लिहिलेलं असतं, आणि सेप्सिस हा शब्द घरच्या माणसांच्या कानावरही पडत नाही.

वेळेचं गणित कठोर आहे. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांमध्ये योग्य अँटिबायोटिक द्यायला पहिल्या सहा तासांत जेवढा उशीर होईल, तेवढी दर तासाला जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेल्याचं त्यांना दिसलं. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा इतका मोठा आला नाही, पण दिशा तीच राहिली. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की शॉक असेल, म्हणजे रक्तदाब कोसळला असेल, किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्या. नुसतीच शंका असेल आणि शॉक नसेल, तर लगेच तपास करा आणि तरीही शंका उरली तर तीन तासांच्या आत द्या. त्याच सूचनांमध्ये आणखी एक ओळ आहे, जी प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवताना डॉक्टरांच्या तपासणीला प्रोकॅल्सिटोनिनची जोड देऊ नका, नुसती तपासणी पुरे, असं ती सांगते. शिफारस सौम्य आहे, पुरावा थोडा आहे, तरी दिशा स्पष्ट आहे.

असं का? एक तर वेळेमुळे. थंडी वाजून दोन तास झालेत आणि माणूस खचत चाललाय, अशा वेळी प्रोकॅल्सिटोनिन अजून चढायलाच निघालेलं नसतं. रिपोर्टवर ०.२ असा कमी आकडा येतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पू एका जागी कोंडला असेल तरीही आकडा कमी राहू शकतो. उलट बाजूने, मोठा अपघात, भाजणं, मोठं ऑपरेशन, निकामी किडनी, जन्मानंतरचे पहिले दोन दिवस, अशा कितीतरी प्रसंगी संसर्ग नसतानाही ते वाढतं. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्या मातीचं आहे. ०.२५, ०.५ या ज्या मर्यादा आपण रिपोर्टवर छापतो, त्या मुख्यतः युरोपातल्या न्यूमोनियाच्या रोग्यांवर बेतल्या गेल्या. तिथे ऑगस्टमध्ये मलेरिया नसतो.

हा मुद्दा मी पुस्तकातून शिकले नाही. निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी, माझी रात्रपाळी होती. कॅज्युअल्टीतून एक सॅम्पल आलं. दाहोदकडचा बांधकामावरचा तरुण, चार दिवसांचा ताप. फॉर्मवर निदानाच्या जागी "सेप्सिस" लिहिलेलं, खाली सीबीसी, क्रिएटिनिन आणि प्रोकॅल्सिटोनिन यांवर खुणा. मलेरियाच्या चौकटीत खूण नव्हती. प्रोकॅल्सिटोनिन तिशीच्या वर आलं. एवढा आकडा बघितल्यावर कुणालाही बॅक्टेरियाच आठवणार. पण पेशी मोजणाऱ्या यंत्राने प्लेटलेट अडतीस हजार, म्हणजे फारच कमी दाखवल्या, म्हणून नियमाप्रमाणे मी स्लाइड केली. लिशमनचा रंग चढवला, वाळू दिली, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाचं शंभराचं भिंग लावलं. दुसऱ्याच फील्डमध्ये तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या. एकेका पेशीत दोन दोन, काही अगदी कडेला चिकटलेल्या. थोडं सरकवलं तर एक चंद्रकोर. फाल्सिपॅरम मलेरिया, मलेरियाचा सगळ्यांत घातक प्रकार.

कॅज्युअल्टीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही, तेव्हा मी कागदावर लिहून घेतलं आणि तीन जिने उतरून स्वतः गेले. आतली परिस्थिती अशी की एक रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर), दोन सिस्टर आणि प्रत्येक खाटेवर एक रोगी, एका स्ट्रेचरवर दोन. तो रेसिडेंट पंचवीस-सव्वीसचा असेल. माझ्या हातातला कागद वाचून म्हणाला, "बेन, प्रोकॅल इतकं हाय आलं म्हणून मी मेरोपेनेम लावलंय, मलेरियाचं डोक्यातच आलं नाही." मेरोपेनेम हे जबर अँटिबायोटिक, मलेरियावर ते चालत नाही. त्याने लगेच मलेरियाचं औषध, आर्टेसुनेट, मागवलं. तो तरुण वाचला, चौथ्या दिवशी उठून बसला.

आकडा खोटा नव्हता. फाल्सिपॅरम मलेरियात प्रोकॅल्सिटोनिन खूप वाढतं, हे माहीत असलेलं आहे. लेप्टोत, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापात वाढतं, गोचिडीसारख्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये वाढतं. चूक झाली ती त्या आकड्याने बाकीचे प्रश्न बंद केले तिथे. कुठून आलास, कुठे झोपतोस, पायाला चिखल लागला होता का, हे विचारायचं राहून गेलं. आमच्या विश्वामित्री नदीचा पूर ओसरला की इथे आठवडा-दोन आठवड्यांनी तापाचे रोगी वाढू लागतात. त्यांच्यात डेंग्यू असतो, मलेरिया असतो, लेप्टो असतो, साधा विषाणूचा ताप असतो आणि पायाच्या जखमेतून आलेला खराखुरा सेप्सिसही असतो. लेप्टो ओळखायला पोटरी दाबून बघावी लागते. स्क्रब टायफसची काळी खपली काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते, कपडे बाजूला केल्याशिवाय दिसत नाही, आणि आपण नेहमी लावतो ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तिच्यावर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं. हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

आपल्याकडे हे आधी एकदा घडून गेलेलं आहे. टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची व्हिडाल टेस्ट १८९६ सालची. एकदाच केलेली व्हिडाल भरवशाची नाही, हे प्रयोगशाळेतला प्रत्येक जण शिकतो. तरी माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत रोज व्हिडालचे फॉर्म आले, आणि "टायफॉइड निघाला" असं सांगत किती माणसं दोन-दोन आठवडे अँटिबायोटिक घेऊन गेली त्याची गणती नाही. त्यांतल्या अनेकांना टायफॉइड नव्हता. प्रोकॅल्सिटोनिन व्हिडालपेक्षा कितीतरी चांगली तपासणी आहे, म्हणूनच तिचं तसं होऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

मोठ्या अभ्यासांनी काय दाखवलं? अमेरिकेत १४ हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत छातीच्या संसर्गाच्या १,६५६ रोग्यांवर एक चाचणी झाली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्या रोग्यांच्या डॉक्टरांना प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा आणि तो कसा वाचायचा हे दोन्ही दिलं. महिनाभरात अँटिबायोटिकचे दिवस एका गटात सरासरी ४.२ आणि दुसऱ्यात ४.३. म्हणजे काहीच फरक नाही. आता दुसरी बाजू. ब्रिटनच्या ४१ आयसीयूंमध्ये २,७६० रोग्यांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिथे रोज प्रोकॅल्सिटोनिन बघून थांबवण्याचा सल्ला दिल्यावर अँटिबायोटिक सरासरी जवळपास एका दिवसाने आधी थांबलं, आणि मृत्यू वाढले नाहीत. सीआरपीने तोच प्रयोग केला, तर दिवस कमी झाले नाहीत. एक दिवस म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. आयसीयूतल्या प्रत्येक खाटेमागे एक दिवस कमी मेरोपेनेम, हे माझ्या मते मोठं आहे. २०१९ या वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा जागतिक अंदाज आहे.

म्हणजे ही तपासणी दाराशी फारशी उपयोगाची नाही, आतल्या खोलीत उपयोगाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या आवश्यक तपासण्यांच्या यादीत प्रोकॅल्सिटोनिन घातलं ते फक्त मोठ्या रेफरल हॉस्पिटलांसाठी. आपल्याकडे मात्र ती दारातच होते, एकदाच होते आणि मग फाइलमध्ये जाते. पाचव्या दिवशी पुन्हा करायला पैसे नसतात, किंवा कुणी लिहून देत नाही. अशी एकटी तपासणी म्हणजे रोग्याचे दोन हजार वाया. पहिला आकडा आणि पुढचे आकडे मिळून एक तपासणी होते. पुढे करायची तयारी नसेल, तर पहिल्या दिवशीही करू नये.

याच्याही आधीच्या टप्प्यावर, गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात, सीआरपीला जागा आहे असं मला वाटतं. व्हिएतनाममध्ये साध्या खोकला-सर्दीतापाच्या रोग्यांवर प्रयोग झाला. बोट टोचून जागच्या जागी सीआरपी बघितल्यावर अँटिबायोटिक ७८ टक्क्यांऐवजी ६४ टक्के लोकांनी घेतलं. तिथे रोगी धोक्यात नसतो, प्रश्न अँटिबायोटिक न देण्याचा असतो, आणि डॉक्टरला "बघा, गरज नाही" असं दाखवायला काहीतरी हाताशी लागतं. इमर्जन्सीतला प्रश्न वेगळा आहे.

बडोद्यात राहून अँटिबायोटिकबद्दल लिहिताना एक गोष्ट मनात येते. इथल्या कलाभवन या तांत्रिक शिक्षणसंस्थेत शिकवलेले गज्जर, त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिक या औषध कंपनीचा पाया घातला. या शहराने पुढे देशासाठी अँटिबायोटिक बनवली. ती कधी थांबवायची हे शिकवणारं शहरही आपलंच असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता इमर्जन्सीत काय हवं ते सांगते, कारण नुसतं "हे नको" म्हणून भागत नाही.

लॅक्टेट हवं. हा संसर्गाचा मार्कर नाही. पेशींना प्राणवायू आणि रक्तपुरवठा कमी पडू लागला, शरीर ताणाखाली आलं की तो वाढतो. दोनच्या वर गेला तर सावध व्हायचं, चारच्या वर गेला तर धावायचं. रक्तदाब अजून बरा दिसत असलेला माणूस आतून किती ढासळलाय, हे तो सांगतो. ब्लड गॅसचं यंत्र कॅज्युअल्टीतच असेल, तर दोन-तीन मिनिटांत आकडा हातात येतो. यंत्र तिथे नसेल, तर करड्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन बर्फावर ठेवून लगेच वर पाठवावं लागतं. इथेच घोळ होतो. साध्या नळीतलं रक्त तासभर ट्रेमध्ये पडून राहिलं, तर तांबड्या पेशी साखर खाऊन लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा आपोआप फुगतो. मी अशा कितीतरी नळ्या परत पाठवल्या आणि कितीतरी वेळा खालून बोलणी खाल्ली. लॅक्टेटही आकडाच आहे, दमेकऱ्याला सालब्युटामॉल दिल्यावर, फिट येऊन गेल्यावर तो वाढतो. पण तो विचारतो तो प्रश्न इमर्जन्सीचा आहे: हा माणूस आत्ता किती संकटात आहे?

ब्लड कल्चर हवं, आणि ते अँटिबायोटिकच्या आधी हवं. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त जायला हवं, आणि निदान दोन जागांहून घ्यायला हवं. आमच्याकडे यायची ती एक बाटली, तीन मिलिलिटर रक्त, आणि तेही मेरोपेनेमचे दोन डोस झाल्यावर. मग "नो ग्रोथ", म्हणजे जंतू वाढला नाही, असा रिपोर्ट मी सही करून पाठवायची. त्या कागदाने कुणाचं भलं झालं नाही. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात म्हणून इमर्जन्सीत त्याचा काय उपयोग, असं विचारतात. पण तिसऱ्या दिवशी जंतूचं नाव आणि त्याला कुठलं औषध चालतं हे कळलं नाही, तर सगळ्यांत जबर औषध चालू ठेवण्यावाचून डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. वीस-तीस मिलिलिटर रक्त पहिल्या तासात निघालं तरच ही माहिती मिळते, नंतर कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली रोरी स्टॉन्टन नावाचा बारा वर्षांचा मुलगा गेला. शाळेत पडून हाताला खरचटलं होतं. इमर्जन्सीतून त्याला पोटाचा विकार म्हणून घरी पाठवलं, आणि रक्ताचा चिंताजनक रिपोर्ट तयार झाला तेव्हा तो तिथून निघून गेलेला होता. त्याच्या आईवडिलांनी हा विषय सोडला नाही. २०१३ साली त्या राज्याने प्रत्येक हॉस्पिटलला सेप्सिससाठी ठरलेली पद्धत पाळणं आणि त्याचा हिशोब देणं बंधनकारक केलं. तीन तासांत करायच्या गोष्टी तीन: ब्लड कल्चर, लॅक्टेट, अँटिबायोटिक. पुढे १४९ हॉस्पिटलांतल्या ४९,३३१ रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही तीन कामं जितक्या लवकर उरकली तितके मृत्यू कमी, असं दिसलं. या तिघांत प्रोकॅल्सिटोनिन नाही.

रोरीची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या कॅज्युअल्टीतला तो वाजत राहिलेला फोन आठवला. रिपोर्ट होता, पण तो घ्यायला दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. आणखी एक तपासणी वाढवून हे कसं सुधारणार?

म्हणून गुजरातच्या आरोग्य खात्याकडे, आणि बडोद्याच्या सरकारी सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या जागा चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. कॅज्युअल्टीत चोवीस तास चालणारं लॅक्टेट आणि ब्लड कल्चरच्या बाटल्या, दोन्ही रोग्याला मोफत. प्रयोगशाळेतला धोक्याचा आकडा सांगायला एक वेगळा फोन आणि तो उचलण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर, कुणी, किती वाजता ऐकलं याची वहीत नोंद. पावसाळ्यात तापाच्या प्रत्येक गंभीर रोग्याची मलेरियाची स्लाइड, फॉर्मवर खूण असो वा नसो. आणि प्रोकॅल्सिटोनिन आयसीयूत, दर दोन दिवसांनी, अँटिबायोटिक थांबवण्याचा निर्णय खरोखर घेणाऱ्या डॉक्टरच्या हातात. छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोद, सीमेपलीकडच्या अलिराजपूरपासून माणसं इथे येतात, दोन-तीन वाहनं बदलून. त्यांचा पहिला तास वाटेतच गेलेला असतो. तालुक्याच्या दवाखान्यात श्वास मोजून, रक्तदाब बघून, कल्चर काढून पहिला डोस देऊन पाठवता आलं, तर तो तास परत मिळतो. त्याला प्रोकॅल्सिटोनिनच्या पट्टीची गरज नाही, घड्याळाची आणि शिकवलेल्या सिस्टरची आहे.

यावर माझा एक जुना सहकारी म्हणतो की मी त्या पंचवीस वर्षांच्या रेसिडेंटवर अन्याय करते. रात्री दोनला चाळीस रोगी, बाहेर संतापलेले नातेवाईक, आणि काही चुकलं तर उद्या प्रश्न विचारणारे दहा जण. त्याला आकड्याचा आधार हवा असतो, तो कशाला काढून घ्यायचा? मला हे पटतं, अर्ध्यापर्यंत. त्याला आधार हवाच. पण खरा आधार म्हणजे दुसरा डॉक्टर, तिसरी सिस्टर आणि फोन उचलणारं माणूस. दोन हजारांची टेस्ट हा माणसं कमी पडल्याचा उपाय होऊ शकत नाही, तिने ती कमतरता झाकली मात्र जाते. उद्या अधिक चांगले मार्कर येतील. सीबीसीच्याच नळीतून मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकारातला फरक मोजणारी तपासणी अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे, आणखी काही मागोमाग येत आहेत. मी त्यांचं स्वागत करीन. फक्त आपल्या पावसाळ्यातल्या रोग्यांवर त्या आधी तपासून बघाव्यात.

शेजाऱ्यांच्या बाबांना त्या रात्री पाऊणच्या सुमाराला एका हॉस्पिटलात नेलं. श्वास तीस, रक्तदाब वरचा ९२, लॅक्टेट ३.८. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन हातांतून कल्चर काढलं आणि वीस मिनिटांत अँटिबायोटिक सुरू केलं. प्रोकॅल्सिटोनिनसाठी रक्त पाठवलं, पण रिपोर्टची वाट बघितली नाही. तो पहाटे आला, १८.४. मूळ प्रोस्टेटमुळे तुंबलेल्या लघवीत होतं. तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आला आणि बाईंनी औषध बदलून साधं केलं. पाचव्या दिवशी आकडा पुन्हा काढला, २.९ होता. सातव्या दिवशी ०.७. मुलाने मला फोन करून विचारलं, "ताई, बाई म्हणतात आज अँटिबायोटिक बंद करायचं. चौदा दिवस पूर्ण नको का करायला?" मी म्हटलं, ताप नाही, बाबा जेवतायत, आकडा उतरलाय, बंद करू दे. संध्याकाळी त्यांच्या हातातली सुई काढली. रात्री त्यांनी स्वतः फोन करून, आवाज अजून बारीक होता तरी, घरी आल्यावर आमटीभात खायला बोलावलं.